सव्वीस कुंड्यांचं वजन

झाडांना पाणी घालायला काही अक्कल लागत नाही, असं मी वहिनींना त्यांच्याच दारात उभं राहून सांगितलं आणि पुढचे तेवीस दिवस त्या एका वाक्याची फळं भोगली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. आम्ही नवरा-बायको खाली राहतो आणि आमच्याच पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. वाण्याचा काटा, भंगारवाल्याचा काटा, दवाखान्यातला तान्ही बाळं तोलायचा काटा, सगळे शेवटी माझ्याकडेच येतात. गल्लीत मला काटेमास्तर म्हणतात. माझा स्वभाव बघून पाठीमागे आणखी काय काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण त्यानं माझं वजन कमी होत नाही.

वहिनींच्या लेकीचे दिवस भरत आले होते. लेक दुसऱ्या गावी, पहिलंच बाळंतपण, सासरी करणारं कोणी नाही. तेव्हा वहिनींना जाणं भागच होतं. प्रश्न होता तो घरातल्या कुंड्यांचा. खिडक्यांत, गॅलरीत, न्हाणीघराच्या कोनाड्यात, जिथे म्हणून उजेड पोचतो तिथे कुंडी होती. समोरच्या शिक्षिकाबाई आपण होऊन पाणी घालायला तयार होत्या. बाईंना झाडांतलं कळतंही. तरी वहिनींनी त्यांना सोडून मला वर बोलावलं, हे मला जरा चमत्कारिकच वाटलं. दादा आणि मी शेवटची चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. दुकान आमच्या वडिलांचं, दोघांचं मिळून होतं. दादाला त्यात इलेक्ट्रॉनिक काटे आणायचे होते. मी म्हणालो, दांडी नाही, पारडं नाही, नुसते आकडे दाखवणारा डबा, त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. तो म्हणाला, मग बस गंजत. त्यानं ते डबे विकणाऱ्या कंपनीत नोकरी धरली आणि आम्ही एकाच जिन्यावरून परक्यासारखे चढत-उतरत राहिलो.

वहिनींनी मला एकेक कुंडी दाखवली. मनीप्लांट, फर्न, जास्वंद, रबराचं झाड, कोरफड, निवडुंग, काहींची नावं त्यांनाही ठाऊक नव्हती. शेवटी गॅलरीच्या कोपऱ्यात रंगाच्या एका जुन्या डब्यात लिंबाचं झाड होतं, माझ्या मांडीपर्यंत आलेलं.

"बाकीची गेली तरी चालतील, भावोजी," त्या म्हणाल्या. "पुन्हा लावता येतील. हे मात्र यांनी बी पेरून वाढवलंय. एवढं सांभाळा."

मग त्या मातीत बोट कसं घालून बघायचं, ओल कुठवर लागली की पाणी घालायचं नाही, ते सांगू लागल्या. मी त्यांना मधेच तोडलं. बोटानं वजन कळत असतं तर माझ्या वडिलांनी दुकान कशाला काढलं असतं, असं म्हणालो. वर ते अकलेचं वाक्यही ऐकवलं. वहिनींनी किल्ली माझ्या हातात ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कुंड्यांना वरपासून खालपर्यंत भिजेस्तोवर पाणी घातलं आणि त्या गाडीला गेल्या.

त्या गेल्यावर मी प्लॅटफॉर्म काटा खांद्यावर घेऊन वर चढलो. जिन्यात दोनदा टेकलो. माझा हिशेब साधा होता. वहिनी कुंड्या जशा ठेवून गेल्या तशाच त्यांना परत आल्यावर दिसल्या पाहिजेत. मग त्यांनी ठेवलेलं वजन तेच प्रमाण वजन. सव्वीसच्या सव्वीस कुंड्या मी काट्यावर चढवल्या आणि प्रत्येकीच्या अंगावर खडूनं तिचं वजन लिहिलं. रोज संध्याकाळी पुन्हा तोलायचं, जेवढी घट आली तेवढं पाणी मापानं घालायचं, की वजन जागेवर. आमच्या हिनं वर येऊन तो सगळा थाट बघितला आणि झाडांना शाळेत घालताय का, असं विचारून खाली गेली.

त्या संध्याकाळी मी परत तोललं आणि तिथेच स्टुलावर बसलो.

वजन घटणार हे मला माहीत होतं. ओलं फडकंसुद्धा वाळलं की हलकं होतं. पण सगळ्या कुंड्या सारख्या घटल्या नव्हत्या. जास्वंदीचं एका दिवसात साडेतीनशे ग्रॅम गेलं होतं. तेवढ्याच मोठ्या कुंडीतल्या निवडुंगाचे जेमतेम पन्नास. माती तीच, ऊन तेच, खिडकी तीच. मी काटा तपासला. चाळीस वर्षांची सवय, आधी संशय काट्यावर. दोन किलोचं वजन ठेवून बघितलं, काटा खरा होता. म्हणजे जास्वंदीनं सकाळपासून पाव लिटरच्या वर पाणी मातीतून उचललं होतं, खोडातून वर नेलं होतं आणि पानांतून हवेत सोडून दिलं होतं, आणि मला दिवसभर ती नुसती उभी दिसली होती.

आमच्या घरात वरच्या मजल्यावर पाणी चढवायला मोटर लागते. ती वर्षातून तीनदा जळते. ती चालू झाली की आख्ख्या गल्लीला कळतं. इथे सव्वीस मोटरी चालल्या होत्या आणि टाचणी पडल्याएवढाही आवाज नव्हता. मी जास्वंदीच्या खोडाला कान लावून बघितला. कोणी बघत नव्हतं म्हणून लावला.

पुढचे दिवस मी दुकानात नावापुरताच होतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ वर जाऊन तोलायचो. सकाळी झाडं सावकाश पितात, अकरानंतर ओढ लागते, संध्याकाळी उजेड कमी झाला की आपोआप हात आखडता घेतात. चौथ्या दिवशी आभाळ आलं. मला ते खाली कळलंही नव्हतं. वर जाऊन तोललं तर सगळ्यांनी निम्मंच पाणी प्यायलेलं. तेव्हा मी बाहेर बघितलं. ज्यांना डोळे नाहीत, त्यांना आभाळाची खबर माझ्या आधी लागली होती. मी साठीला आलोय. इतकी वर्षं जगाचं वजन करण्यात गेली आणि माझ्या डोक्यावरच्या खोलीत हे रोज चाललेलं होतं, याची मला लाज वाटली आणि आनंदही झाला. हिला सांगायला गेलो तर ती म्हणाली, तुम्हाला कोणाचं तरी कौतुक वाटलं हेच विशेष.

सहाव्या दिवशी वहिनींचा फोन आला. मुलगी झाली, दोन किलो आठशे. मी आधी विचारलं, काटा कोणता. वहिनी हसल्या. मग त्यांनी लिंबाची चौकशी केली. मी छाती फुगवून सांगितलं, अगदी मजेत आहे, पाच किलो दोनशे वीस, तुम्ही गेलात त्या दिवसापासून एक ग्रॅम हललेलं नाही.

ते खरंही होतं. लिंबाला मी सगळ्यांत जास्त जपत होतो. पहिल्या दिवशी ते एकशे चाळीस ग्रॅम प्यायलं. तिसऱ्या दिवशी एकशे दहा. मग नव्वद, सत्तर, पन्नास. मला वाटलं, शहाणं झाड आहे, काटकसर शिकलं. दादाचं झाड म्हणून जरा अभिमानही वाटला. रोज जेवढी घट तेवढं पाणी घालून मी त्याला खडूच्या आकड्यावर आणून ठेवत होतो.

नवव्या दिवशी पानं पिवळी दिसली. दहाव्या दिवशी डब्याखाली सहा पानं पडलेली. अकराव्या दिवशी मी नुसता डबा उचलला, त्या धक्क्यानं आणखी पंधरा-वीस पानं गळाली. त्या दिवशीची घट होती बारा ग्रॅम. बारा ग्रॅम तर उघड्या मातीतूनच उडून जातं. झाडानं पाणी पिणं सोडलं होतं.

पाणी कमी पडलं म्हणावं तर वजन बरोबर होतं. मी मातीत बोट घातलं, वहिनींनी सांगितलं होतं तसं. आत चिखल होता आणि त्याला कुजका वास होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहिनींनी निघताना झाडं गच्च भिजवली होती, जाताना माणूस भिजवतोच. ते त्यांचं रोजचं वजन नव्हतं. ते भरलेल्या पोटाचं वजन होतं. आणि मी अकरा दिवस रोज संध्याकाळी त्या झाडाला पुन्हा गळ्यापर्यंत भरत होतो. बाकीच्या कुंड्यांना बुडाशी चांगली भोकं होती, त्यांचं तोवर निभावलं होतं. रंगाच्या डब्याची भोकं मातीनं कधीच बुजली होती. पहिलं वजन खरं धरायचं, ही माझ्या धंद्यातली पहिली शिकवण. त्याच शिकवणीनं मी दादाचं झाड बुडवलं होतं.

मी गॅलरीत खाली बसलो. मला दादाचं दवाखान्यातलं आठवलं. त्याचं हृदय थकलं होतं, अंगात पाणी साठायचं. दिवसाला एक लिटर, त्याच्यावर एक घोट नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. वहिनी वाटीनं मोजून द्यायच्या. रात्रीतून किती पाणी साठलं ते बघायला रोज सकाळी त्याला काट्यावर उभं करायचे. मी एकदाच गेलो होतो, अबोला मोडायचा असं ठरवून. गेलो तेव्हा तो काट्यावर उभा होता, नर्सनं एका बाजूनं धरलेला. मी त्याच्या तोंडाकडे बघायच्या ऐवजी, तो उतरल्यावर, रिकाम्या काट्याकडे बघितलं आणि म्हणालो, हा सातशे ग्रॅम जास्त दाखवतोय. मग गुडघ्यांवर बसून स्क्रू फिरवला, काटा शून्यावर आणला आणि दुकान उघडायचंय म्हणून निघून आलो. आठ दिवसांनी दादा गेला. ठरवलेलं एक वाक्यही मी बोललो नाही.

त्या दिवशी संध्याकाळी वहिनींचा नेहमीप्रमाणे फोन आला. मी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. फोन ठेवल्यावर हिनं माझ्याकडे एक नजर टाकली. तिनं भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, दवाखान्यातून आलात त्या वेळीही असंच केलंत.

मला शिक्षिकाबाईंना विचारता आलं असतं. बाजारात रोपवाटिकेवाला आहे, त्याचा काटा मीच दुरुस्त करतो, त्याला विचारता आलं असतं. पण हे झाड वहिनींचं होतं आणि ते मरत होतं, हे ऐकण्याचा पहिला हक्क त्यांचाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला.

"वहिनी, काल खोटं बोललो. लिंबू मरायला टेकलंय. मी पाणी घालून घालून त्याला बुडवलं. मला यातलं काही येत नाही. काय करू ते सांगा."

पलीकडे बाळ रडत होतं. मला यातलं काही येत नाही, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं. ते ऐकून छत कोसळलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

वहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी हळू आवाजात एकेक गोष्ट सांगितली. झाड डब्यातून काढा. काळी पडलेली मुळं कात्रीनं कापा, पांढरी असतील तेवढी ठेवा. मातीच्या कुंडीत कोरडी भुसभुशीत माती भरून त्यात लावा. एक पेलाभर पाणी घाला आणि नंतर हात लावू नका.

"पाणी घालणं सोपं असतं, भावोजी," शेवटी त्या म्हणाल्या. "न घालता नुसतं बसून राहणं अवघड. मी सहा महिने बसले होते."

त्या कोणाबद्दल बोलत होत्या ते मला विचारायची गरज नव्हती.

मी झाड काढलं. मुळांचा निम्म्याहून जास्त भाग काळा, हाताला लागताच गळून पडणारा. पांढरी मुळं मूठभर. वर अकरा पानं उरली होती. वहिनींनी सांगितलं तसं सगळं मी केलं, पण माझ्या पद्धतीची एक भर घातली. एकाच मापाच्या दोन मातीच्या कुंड्या आणल्या. दोन्हीत एकाच पोत्यातली माती सारखी भरली, दोन्हीला एकेक पेला पाणी दिलं. एकीत लिंबू लावलं, दुसरीत काहीच नाही. नुसती माती जेवढं पाणी उन्हाला देते ते उन्हाचं. त्याच्यावर लिंबाच्या कुंडीतून जे जास्त जाईल, तेच झाडानं प्यायलेलं. ते शून्य राहिलं तर झाड गेलं.

दोन्ही कुंड्या मी खाली दुकानात आणल्या. खिडकीपाशी वडिलांचा प्रमाण तराजू आहे, काचेच्या कपाटातला. त्यावर फक्त दुसरी वजनं तपासायची, दुसरं काही ठेवायचं नाही, असा आमच्या घराचा दंडक. दहा किलोवर अर्ध्या ग्रॅमचा फरकही तो दाखवतो. मी कपाटाच्या काचा काढल्या, एका पारड्यात रिकामी कुंडी ठेवली, दुसऱ्यात लिंबू. मातीचे दोन कण पारड्यात सांडले. वडिलांनी ते बघितलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं.

रोज सकाळी मी छोटी वजनं टाकून काटा मध्यावर आणायचो. रोज संध्याकाळी तो मध्यावरच असायचा. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. काटा कसा तो हलला नाही. हातात पाण्याचा तांब्या घेऊन मी कितीदा तिथे उभा राहिलो असेन, आणि कितीदा हिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. वर कोरफड बुडाशी मऊ पडून गेली, आणखी एक नाव नसलेलं झाडही गेलं. मी त्यांच्यासाठी हळहळलो, पण जीव सगळा त्या अकरा पानांत अडकला होता. ती गळत नव्हती, एवढाच आधार.

विसाव्या दिवशी दुपारी मी एका वाण्याचा काटा उघडून बसलो होतो. सहज वर बघितलं. मध्यावरचा काटा तिथे नव्हता. रिकाम्या कुंडीकडे झुकला होता. म्हणजे लिंबाचं पारडं वर उचललं होतं. एवढंसं, नखाएवढं.

मी पंखा बंद केला. खिडकी लावली. दार लावलं. काटा होता तिथेच राहिला. हलक्या पारड्यात एकेक ग्रॅमची वजनं चिमट्यानं टाकली. चार ग्रॅमला काटा मध्यावर आला.

चार ग्रॅम पाणी म्हणजे चमचाभरही नाही. एवढं पाणी त्या मूठभर मुळांनी कोरड्या मातीतून शोधून काढलं होतं, हात-दीड हात वर चढवलं होतं आणि अकरा पानांतून बाहेर टाकलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ढकललं नव्हतं. मी आयुष्यात सोनं तोललं आहे, औषधं तोलली आहेत, एकदा एका प्रयोगशाळेचा काटा दुरुस्त करताना मधमाशीचा पंख तोलला आहे. पण कशाचं वजन कळल्यावर माझे हात असे आपोआप जोडले गेले नव्हते. मी हिला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातांनी आली, काट्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, वर फोन करा. मग लक्षात आलं की वहिनी वर नाहीत. आम्ही दोघंही हसलो.

फोन मी केला नाही. चार ग्रॅमवर फुशारकी मारायची नाही, हे एव्हाना मी शिकलो होतो. दुसऱ्या दिवशी सहा झाले. तिसऱ्या दिवशी नऊ.

तेविसाव्या दिवशी सकाळी वहिनी आल्या. सामान जिन्यापाशी ठेवून आधी दुकानात शिरल्या. लिंबू बघून त्या जागीच थांबल्या. मी रोज बघत होतो म्हणून मला ते सुधारलेलं वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांनी बघितलं तेव्हा मला दिसलं की ती एक काडी आहे आणि तिला अकरा पानं लटकली आहेत. त्यांचा चेहरा उतरला. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं सोडून दिलं.

"बसा," एवढंच मी म्हणालो. हिनं खुर्ची दिली, चहा आणला. मी दार-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि काटा त्यांच्या समोर मध्यावर आणून ठेवला. पानांवर काचेतून ऊन येत होतं. मग आम्ही तिघं वाट बघत बसलो.

अर्धा तास काहीच झालं नाही. वहिनी नातीबद्दल सांगत होत्या. पहिल्या तीन दिवसांत तिचं वजन दीडशे ग्रॅम घटलं, सगळे घाबरले, मग नर्सनं सांगितलं की सगळीच बाळं आधी घटतात. बोलता बोलता त्या मधेच थांबल्या.

"काटा हलला का हो?"

मी मान डोलावली. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. वारा लागत असेल म्हणून त्यांनी खिडकीच्या फटीवर हात धरून बघितला. पंख्याकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावून, आपला श्वास लागू नये अशा बेतानं बघू लागल्या. लिंबाचं पारडं वर येत होतं. येताना दिसत नव्हतं, पण दर वेळी बघावं तर आधीपेक्षा वर होतं.

"हे रोज होतं?" त्यांनी विचारलं.

"रोज. उजेड असेपर्यंत."

"आणि मी वर याच्या शेजारी बसून नुसती भाजी निवडायचे."

थोड्या वेळानं मला वाटलं, आता नाही बोललो तर याही वेळी राहून जाईल. मी म्हणालो की दवाखान्यात मी दादाशी बोलायला आलो होतो. काटा दुरुस्त करायला नव्हतो आलो.

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. काट्यावरची नजर त्यांनी काढली नाही. "यांनाही कळलं होतं."

मग त्यांनी मला सांगितलं की त्यांनी किल्ली शिक्षिकाबाईंना का दिली नाही. दादानं आजारपणाच्या आधी हे बी पेरलं, तेव्हा वहिनींनी त्याला चिडवलं होतं. बियाच्या लिंबाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. ते दोघं तोवर लेकीकडे राहायला जायचं म्हणत होते. मग एवढी खटपट कोणासाठी?

"तर म्हणाले, खालचा आहे की."

अबोला धरल्यापासून दादानं माझं नाव घेणं टाकलं होतं. वरच्या मजल्यावर माझा उल्लेख तेवढाच व्हायचा, खालचा. ते माझ्या कानावर आलं होतं आणि त्याचा मला राग होता. त्या माणसानं झाड लावताना त्याच्यामागे राहणारा म्हणून मला धरलं होतं. मी त्याच्याशी बोलत नव्हतो तेव्हा धरलं होतं. आणि वहिनींनी ते दोन वर्षं मनात ठेवून, मला यातलं काही येत नाही हे नीट ठाऊक असताना, त्याचं झाड माझ्या हातात दिलं होतं.

मी रडलो. वहिनींसमोर, हिच्यासमोर, वडिलांच्या तराजूसमोर, लहान मुलासारखा रडलो. बाहेर भाजीवाला त्याचा काटा दुरुस्तीला घेऊन आला होता, त्यानं दोनदा कडी वाजवली. हिनं आतूनच त्याला उद्या यायला सांगितलं.